वहिनीचा चहा

९ फेब्रुवारी

वन्सं,

पुडी पोचली. आत चिठ्ठी नव्हती, म्हणून आधी वाटलं, पोस्टमनने शेजारणीचा माल माझ्या दारात टाकला. मग वरचा पत्ता बघितला आणि अक्षर ओळखलं. तुमच्या दादांना तुमची पत्रं यायची ती याच अक्षरात. माझं नाव त्या अक्षरात मी पहिल्यांदाच वाचलं.

माझ्या हाडांचं तुम्हाला लेकीने कळवलं असणार, तिच्या पोटात काही राहत नाही. झालं ते इतकंच. दुकानात पुठ्ठा कापताना मनगट दुखावलं म्हणून दवाखान्यात गेले, तर तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मनगट राहिलं बाजूला, सगळ्या हाडांची घनता मोजायला लावली. एका लांबट यंत्राखाली उताणं झोपवतात, दुखत-खुपत काही नाही. निघालं असं की हाडं आतून विरळ झाली आहेत, माझ्या वयाला चालेल त्याहून बरीच जास्त. मी म्हटलं, आयुष्यभर लोकांची खिळखिळी पुस्तकं बांधून दिली, आता माझीच शिवण उसवली म्हणायची. बाई हसल्या नाहीत.

त्यांनी एक गोळी दिली आहे. आठवड्यातून एकदाच घ्यायची, पण तिचे नखरे फार. उठल्याउठल्या, रिकाम्या पोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि दुसरं काही तोंडात घालायचं नाही. घशातून उतरताना ती खरवडत जाते आणि दुपारपर्यंत छातीत जळजळतं. वर्षाने पुन्हा मोजणार आहेत.

तुमच्या चहाचा वास छान आहे. चव मात्र पाल्याची लागते. तुमचे दादा गेले त्या दिवशी दारात उभं राहून तुम्ही मला म्हणालात, "तुझ्या दुकानाच्या ओलीनं माझ्या भावाला खाल्लं." त्यानंतर सहा वर्षांत एक शब्द नाही आणि आज एकदम चहा. मी ते उगाळत बसत नाही, पण विसरलेही नाही. तरी पुडी आली ते बरं वाटलं.

तुमची,
वहिनी


२१ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं पत्र आलं तेव्हा मी पाला चाळत होते. चाळणी तशीच टाकली आणि पायरीवर बसून वाचलं. मला वाटलं होतं, तू पुडी न उघडताच कचऱ्यात टाकशील. मी तुझ्या जागी असते तर टाकली असती.

त्या दिवशी बोलले ते बोलले. माफी मागायला मला जमत नाही, आईला नाही मागितली, दादाला नाही मागितली. चहा पाठवायला जमतो. तुझी लेक म्हणते फोन करा, पण माझे कान आता कामातून गेले. पलीकडचं माणूस ओरडतं आणि मी आपली हो हो म्हणत राहते, मागच्या खेपेला असंच हो हो म्हणत एका व्यापाऱ्याला सगळा पुदिना देऊन बसले. तेव्हा आपलं पत्रच बरं.

आता नीट ऐक. हा चहा मी वरच्या माळ्यावर सावलीत सुकवते. त्यात खाजरा पाला आहे, तोच ज्याला हात लावला की आग होते, पण सुकला की गरीब होतो. हाडांना लागतं ते कॅल्शियम त्यात भरपूर. सोबत गवती चहा आणि जराशी गुलाबाची पाकळी, नाहीतर कुणी तोंडात धरणार नाही. इथल्या म्हाताऱ्या जन्मभर हाच पाला उकळून पीत आल्या आणि शेवटपर्यंत चढ चढत होत्या.

आणि गोळी साध्या पाण्याबरोबर कसली घेतेस? पाण्यात काय असतं? माझा चहा कोमट कर आणि त्याच्याबरोबर गीळ. औषधाला औषधाची जोड मिळेल, घसाही खरवडणार नाही. डॉक्टरीणबाईंना सांगायला जाऊ नकोस, पाल्याचं नाव काढलं की ही मंडळी नाकं मुरडतात.

मे महिन्यात ये. माझं घर तू कधी पाहिलंच नाहीस. दादा दोनदा येऊन गेला, तुला कधी आणलं नाही, आणि मीही कधी आण म्हटलं नाही. आता आपण दोघीच उरलो, त्याच्या तरुणपणाची आठवण काढायला तिसरं कोण आहे? तेव्हा ये. खूप बोलायचं साठलंय आणि ते कागदावर मावत नाही.

तुझी नणंद


३ एप्रिल

वन्सं,

तुमचं ऐकलं. दर रविवारी सकाळी तुमचा चहा कोमट करते आणि त्याच्याबरोबर गोळी घेते. घसा खरवडत नाही, जळजळही गेली. लेकीने विचारलं, आई, असं चालतं का? मी तिला म्हटलं, तुझ्या आत्याने सांगितलंय. तिने पेला माझ्या हातात दिला. तुमच्या नावाचा हा उपयोग आमच्या घरात पहिल्यांदाच झाला.

डॉक्टरीणबाईंना बोलले नाही. त्यांनी विचारलं, गोळी नियमित घेता ना? मी हो म्हटलं, आणि ते खरंच होतं.

मे महिन्यात मात्र जमणार नाही. तुमच्याकडच्या रस्त्याचं वर्णन ऐकून बाई म्हणाल्या, एवढे धक्के नकोत, वर्षभर गोळी होऊ दे, हाडं पुन्हा मोजू आणि मग ठरवू. मला वाईट वाटलं. माझी यायची तयारी मनातून कधीच झाली होती. काय घालायचं इथपर्यंत ठरवलं होतं, हसू नका.

दुकान चालू आहे. एका शाळेच्या ग्रंथालयाची फाटकी पुस्तकं आली आहेत. शिवायला त्रास होत नाही, पण दाबयंत्राचा स्क्रू आवळताना आता दोन्ही हात लावते आणि अंगाचा भार टाकते. पूर्वी ते काम तुमच्या दादांचं होतं. ओलीचं म्हणाल तर मागची भिंत मी गेल्या वर्षी नव्याने करून घेतली. ते आपलं सांगून ठेवलं.

सकाळी पेला हातात घेतला की तुमची आठवण होते. आपली एवढी वर्षं फुकट गेली याचं वाईट वाटतं. आता उरलेली जाऊ द्यायची नाहीत.

तुमची,
वहिनी


३० जुलै

वहिनी,

भिंतीचा टोमणा पोचला. खाल्ला.

तुझ्या पायगुणाने माझा चहा चालायला लागलाय. आधी गावातल्या दोन-चार बायका न्यायच्या. आता खालच्या बाजारातला दुकानदार पोत्याने मागतो. मी सगळ्यांना तुझंच सांगते. म्हणते, माझी वहिनी शहरात असते, तिची हाडं पार विरळ झाली होती, ती हाच घेते. लगेच पुढचा प्रश्न येतो, मग फरक पडला का? मी म्हणते, फेब्रुवारीत कळेल. तुझ्यापेक्षा तुझ्या निकालाची वाट बघणारी माणसं इकडे जास्त झालीत.

एक गिऱ्हाईक आहे, बाई माझ्याच वयाची. तिलाही दवाखान्यात मोजून घ्यायला लावलं आणि हाडं विरळ निघाली, तुझ्याहून जास्तच. तिलाही तीच आठवड्याची गोळी दिलीय. पण ती म्हणते, आधी तुमच्या वहिनीचं काय होतं ते बघते, चहाने भागत असेल तर कशाला ती गोळी. घाबरट आहे, जाऊ दे. ती विचारत होती की विरळ हाड मोडलं तर पुन्हा धरतं का. तुझ्या बाईंना सहज विचार आणि कळव.

फेब्रुवारीतला आकडा मला लगेच कळव. जीव टांगणीला लागलाय. मी आयुष्यात तुझं एवढं एकच भलं केलंय, ते तरी नीट झालेलं बघू दे.

तुझी नणंद


१६ फेब्रुवारी

वन्सं,

परवा मोजून आले. आकडा सुधारला आहे. फार नाही, पण सुधारला आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जे करता आहात ते असंच चालू ठेवा.

तुमच्या गिऱ्हाइकाला सांगा, घोर लावून घेऊ नका. मोडलेलं हाड धरतं, वेळ लागतो इतकंच.

यंदा मे महिन्यात नक्की येते. रस्त्याचं त्या काही बोलल्या नाहीत, म्हणजे हरकत नसावी. दुकानात कामाचा ढीग आहे म्हणून पत्र आखूड. लेक बरी आहे. थंडी कमी झाली.

तुमची,
वहिनी


२ मार्च

वहिनी, माझ्या गुणाच्या वहिनी,

तुझं पत्र मी इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटायला आलंय. आल्यावर शिवून दे. मी चारचौघांत रडणारी बाई नाही हे तुला माहीत आहे, पण दुकानदारापुढे रडले. तो बिचारा घाबरून मला खुर्ची द्यायला धावला.

दादा गेला तेव्हा मला वाटलं होतं, या घराशी माझं काही उरलं नाही. आणि जिच्यावर मी सगळा राग काढला तिलाच माझ्या हातचं काहीतरी लागू पडावं, याहून मला काय हवं होतं? मी आता शांतपणे झोपते.

बातमी ऐक. पुडीला नवीन वेष्टन छापून घेतलं. वर मोठ्या अक्षरात 'वहिनीचा चहा', आणि खाली 'माझ्या वहिनीची विरळ झालेली हाडं या चहाने सुधारली.' तुझं नाव घातलेलं नाही, लाजू नकोस. लोकांना ते इतकं आवडलंय की आता कुणी हाडांचा चहा म्हणतच नाही, सरळ म्हणतात, वहिनीचा द्या. त्या घाबरट गिऱ्हाइकाचाही जीव भांड्यात पडला. गोळ्यांचं पाकीट तिने उघडलंही नाही, फडताळात टाकून दिलं.

मे महिन्यासाठी खालची खोली रंगवून घेतली, तुला जिना नको म्हणून. बाहेरच्या पायऱ्यांना कठडा बसवला. सुतार विचारत होता, कोण मोठं माणूस येतंय? मी म्हटलं, ज्या वहिनीचा चहा तू पितोस ती येतेय.

तुझी नणंद


२० एप्रिल

वन्सं,

हे पत्र पडल्यापडल्या लिहिते आहे, अक्षर समजून घ्या. मी मे महिन्यात येत नाही. आणि का येत नाही ते या वेळी खरं सांगते.

गेल्या आठवड्यात दुकानात बांधून झालेल्या खंडांचा गठ्ठा टेबलावरून उचलला. नेहमी उचलते तेवढाच. पाठीत काहीतरी कट्कन वाजलं आणि मी जागीच खाली बसले. मणका दबला आहे. हाड इतकं पोकळ झालं होतं की वजनाचं निमित्त पुरलं. आता पट्टा बांधून पडून राहायचं. पुढे उभी राहीन, पण पाठीला बाक राहणार, आणि वजन उचलणं कायमचं बंद.

माझा आकडा सुधारला नव्हता. फेब्रुवारीतच तो आधीपेक्षा खाली गेला होता. बाईंना कोडं पडलं होतं, गोळी नियमित घेऊनही असं का. त्या म्हणाल्या, आणखी तपासण्या करू. मी घरी आले आणि तुम्हाला ते पत्र लिहिलं.

या वेळी त्यांनी खाटेशेजारी बसून सगळं खोदून विचारलं. किती वाजता घेता, खाऊन घेता का, कशाबरोबर घेता. मी सांगितलं, चहाबरोबर. दुधाच्या का? नाही, पाल्याच्या, माझ्या नणंदेच्या. त्यांनी माझ्या आकड्यांचा कागद पुन्हा काढून बघितला. मग म्हणाल्या, "म्हणजे एवढे दिवस तुम्ही गोळी घेतलीच नाही असं धरा."

ही गोळी मुळातच अंगाला फार थोडी लागते. साध्या पाण्याशिवाय दुसरं काही पोटात असलं तर तेवढीही लागत नाही. आणि कॅल्शियम तर तिला धरूनच ठेवतं, तशीच बाहेर काढतं. तुमचा चहा वाईट नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. गोळीनंतर तास-दीड तासाने खुशाल प्या, म्हणाल्या. नुसत्या चहाने विरळ हाडं भरून येत नाहीत एवढंच. माझं चुकलं ते हे की मी दोन्ही एकाच घोटात घेतलं.

खोटं का लिहिलं विचाराल. तुम्ही लिहिलं होतं, एवढं एकच भलं केलंय ते नीट झालेलं बघू दे. मला वाटलं, आकडा खरा सांगितला तर पुड्या यायच्या बंद होतील आणि पुड्यांबरोबर तुम्हीही. सहा वर्षांनी मिळालेली नणंद मला पुन्हा घालवायची नव्हती. मी विचार केला की पुढच्या वर्षी आकडा वर येईल आणि मग खोटं आपोआप खरं होईल. इतका बाळबोध विचार मी केला.

आता दोन गोष्टी करा, हात जोडून सांगते. वेष्टनावरची ती ओळ काढा आणि तिथे छापा, की हाडांच्या गोळीबरोबर हा चहा घेऊ नये, गोळी साध्या पाण्याबरोबरच घ्यावी आणि चहा नंतर. आणि त्या तुमच्या गिऱ्हाइकाला आजच्या आज गाठून फडताळातलं पाकीट उघडायला लावा. तिला माझ्या शब्दावर बसू देऊ नका.

वहिनी


३ मे

वहिनी,

पत्र मिळालं. मणक्याचं वाचून वाईट वाटलं. ते आधी लिहिते, नाहीतर म्हणशील नणंदेने विचारलंही नाही.

आता बाकीचं. मी ते वेष्टन तुझ्या शब्दावर छापलं. माझ्या मनाने एक अक्षर घातलं नाही. तू लिहिलंस सुधारला, मी छापलं सुधारली. आता म्हणतेस काढा. बाजारात माझं तोंड कसं दाखवू? परवापर्यंत जिची वहिनी बरी झाली होती तिची वहिनी आज मोडून पडली, असं दुकानदुकानी सांगत फिरू? आणि ती तू सांगितलेली नवी ओळ. इतकी मोठी सूचना छापली की लोकांना वाटणार यात विषच आहे. तुझी बाई स्वतः म्हणते चहा वाईट नाही, मग वेष्टनाने का म्हणावं?

मी तुला चहाबरोबर गीळ म्हटलं होतं, नाकारत नाही. पण डॉक्टर तुझी होती, घसा तुझा होता आणि डोकंही तुझंच होतं. तुला धड सांगितलेलं होतं साधं पाणी. मी इतक्या लांबून काहीतरी लिहिलं आणि तू ते डोक्यावर घेतलंस. मला बरं वाटावं म्हणून. मी मागितलं होतं का तसं?

तुझी ही सवय जुनी आहे. दादा आजारी पडला तेव्हाही मी त्याला दर पत्रात विचारत होते आणि उत्तर तू लिहीत होतीस, ठीक आहेत, जरा अशक्तपणा आहे. मी येऊन पोचले तेव्हा उचलायची तयारी चालली होती. ओलीचं मी जे बोलले ते त्या रागात बोलले. मला माझ्या भावाला जिवंत बघायचं होतं आणि तू मला ठीक आहेत लिहून घरी बसवलंस.

त्या गिऱ्हाइकाची काळजी तू करू नकोस. तिचं ती बघेल.

चहा पाठवत नाही. तुला लागत नाही, कळलं.

नणंद


१४ सप्टेंबर

वहिनी,

हे पत्र मीच लिहितेय, पण अर्धवट उठून बसून, म्हणून ओळी वाकड्या.

माझा खुबा मोडला. माळ्यावरून नाही पडले, कुठून उंचावरून नाही. पाला पसरायच्या चौकटीशी बुटक्या स्टुलावर उभी होते, पाय सरकला आणि कुशीवर आले. लहान मूल पडलं असतं तर हसत उठलं असतं. पुड्या न्यायला येणारी बाई येईपर्यंत तशीच पडून होते, कान असे की तिने दार ठोठावलेलंही ऐकू आलं नाही. शस्त्रक्रिया करून आत सळी बसवली आहे. काठीने चालाल म्हणतात. जिना विसरा म्हणतात. म्हणजे माळा गेला.

ते घाबरट गिऱ्हाईक मीच होते.

तुला कळलंही असेल. मला जुलैच्या पत्रातच सरळ सांगता आलं असतं, पण हाडांचा चहा विकणाऱ्या बाईचीच हाडं विरळ, हे कुणाला सांगणार? तुझा आकडा सुधारला वाचलं आणि मी पाकीट फडताळात टाकलं. हे तुला टोचायला लिहीत नाही. खरं म्हणजे टोचायलाच लिहितेय, पण पुढचंही वाच.

तुझं एप्रिलचं पत्र आलं त्या दिवशी पाकीट काढून हातात घेतलं होतं. परत ठेवलं. गोळी घेतली असती तर तू खरी ठरली असतीस आणि मी खोटी. त्या रागात उन्हाळा गेला, पावसाळाही गेला. डॉक्टर म्हणतात, तेवढ्याने हाड मोडणं वाचलं असतं असं सांगता येत नाही. पण वाचलं नसतं असंही ते म्हणत नाहीत.

तू सांगितलेली ओळ छापून घेतली, दवाखान्यातून निरोप पाठवून. कुणी वाचत नाही. त्या बाईला म्हटलं, लोकांना तोंडाने सांग, तर लोक तिला म्हणतात, ते असू दे, वहिनीचा आहे ना, मग द्या.

वहिनी, ये. तुझ्यासाठी रंगवलेल्या खालच्या खोलीत मीच पडलेय, पण दुसरी खाट मावते. तुझ्या लेकीने कळवलं, तू आता बसू शकतेस. मला तुझ्या तोंडून एकदा ऐकायचंय की तू मला दोष देत नाहीस. पत्रात नको. कागदावर तू काहीही लिहितेस.

तुझी नणंद


२९ सप्टेंबर

वन्सं,

खुब्याचं वाचून दोन दिवस माझं कशात लक्ष लागलं नाही. गिऱ्हाईक तुम्ही असाल असं मला वाटलं नव्हतं. आता वाटतं, वाटायला हवं होतं. पण कुणीतरी बाई माझ्या आकड्यावर बसली आहे हे तर तुम्ही मला स्पष्ट लिहिलं होतं. तिचा विचार मनात आला, नाही असं नाही. तरी मी सुधारला लिहिलं. कारण ती परकी होती आणि तुम्ही माझ्या होतात.

तुमच्या दादांबद्दल तुम्ही लिहिलंत तेही बरोबर आहे. त्यांनीच सांगितलं होतं तुम्हाला कळवू नको म्हणून, पण ते कारण मी आज पुढे करत नाही. लिहिणारी मी होते.

मी आता तासभर बसते. पाठीला बाक आला आहे, लेक माझ्या डोक्यावरून पलीकडचं बघते. दुकान एका ओळखीच्या बायंडरला चालवायला दिलं. मी सकाळी जाऊन शिवण तेवढी घालते, दाबयंत्राला हात लावत नाही. रविवारी गोळी घेते, साध्या पाण्याबरोबर. छातीत जळजळतं. तुम्हीही तशीच घ्या, आणि अर्धा तास कुणी उशीला टेकवून बसवल्याशिवाय घेऊ नका.

प्रवासाचं डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मागची सीट मोकळी ठेवून, पट्टा बांधून, थांबत थांबत गेलात तर हरकत नाही. लेकीने गाडीची सोय केली, रजा काढली. म्हणजे यायला अडचण कसलीच नाही. हे मुद्दाम लिहिते, म्हणजे माझ्या पाठीवर ढकलता येणार नाही.

मी येत नाही. आले तर तुम्ही खाटेवरून माझा हात धरून विचाराल, दोष देत नाहीस ना? आणि तुमचा चेहरा बघून मी लगेच म्हणेन, छे हो वन्सं, कसला दोष. तुम्हाला बरं वाटेल, मलाही वाटेल, आणि आपण दोघी रडू. मला ते फार सोपं जातं. तुमच्या दादांच्या वेळी सोपं गेलं, आकड्याच्या वेळी गेलं.

मी तुम्हाला दोष देते. चहाचा नाही, तो तुम्ही मायेने पाठवलात. त्या ओळीचा देते, जी मी हात जोडून मागितली आणि तुम्ही नाही म्हणालात. एवढ्या महिन्यांत कुणी कुणी त्या वेष्टनाच्या भरवशावर गोळी चहाबरोबर घेतली असेल ते आपल्या दोघींना कधीच कळणार नाही. आणि तुमच्या खुब्याचा दोष मी स्वतःला देते. तो रोज देते, रविवारी जास्त. यातलं काहीही मला तुमच्या तोंडावर बोलता येणार नाही, म्हणून लिहिलं.

आज सकाळी लेकीने गाडी दारात आणून उभी केली होती. मी ती परत पाठवली.

वहिनी